लाल, पण कोणता?

सी भाषेत सिग्नलच्या रंगांसाठी एका हेडरमध्ये एनम, म्हणजे ठरावीक नावांचा प्रकार, लिहिला: रेड, यलो, ग्रीन. ते हेडर जोडलेल्या फाइलमध्ये दुसऱ्या कुणी बॅटरीच्या दिव्यासाठी पुन्हा रेड लिहिला, की कंपायलर तिथेच अडतो. कारण सीमध्ये एनममधली नावं महिरपी कंसात राहत नाहीत, बाहेर पडून फाइलभर पसरतात. मग सिग्नल_रेड, बॅटरी_रेड अशी आडनावं लावणं आलं. त्याहून चिंतेची गोष्ट म्हणजे ही नावं शेवटी नुसते पूर्णांक. सिग्नलच्या रंगाची बॅटरीच्या रंगाशी तुलना केली तरी ती भाषेच्या नियमात बसते.

2011 च्या सी प्लस प्लसमध्ये एनम क्लास आला आणि दोन्ही दुखणी थांबली. पण आता प्रत्येक ओळीत सिग्नल हा शब्द आधी. लांबलचक स्विचमध्ये डोळा तो वाचायचंच सोडतो. शेवटी 2020 मध्ये तो शब्द गाळू देणारं यूझिंग एनम द्यावं लागलं.

नावं किती दूरवर दिसावीत, हा प्रश्न भल्याभल्यांना छळून गेला आहे. पास्कलमध्ये एनमला मानाचं स्थान देणाऱ्या निकलाउस विर्थ यांनी आपल्या नंतरच्या ओबेरॉन भाषेतून तो चक्क काढून टाकला. कारण त्यांच्याच आधीच्या मॉड्युला-2 भाषेत एनमचं नाव आयात केलं की त्यातली सगळी नावं न मागता आत येत. जे मागाल तेवढंच दिसेल, हा नियम तिथे मोडायचा. दुसऱ्या मॉड्यूलमधून एनम वाढवताही येत नसे. विर्थ यांची अडचण मला पूर्ण पटते. उपाय पटत नाही, कारण एनम गेला की वाचणाऱ्याच्या हाती उरतात नुसते आकडे.

माझं मन एडा भाषेकडे झुकतं. तिथे 1983 पासून दोन प्रकारांत एकच रेड सुखाने नांदतो. कुठला ते संदर्भावरून ठरतं. 2012 च्या आवृत्तीतल्या 'यूझ ऑल टाइप'मुळे तर अख्खं पॅकेज न उघडता एकाच प्रकाराची नावं आणि क्रिया दिसू लागल्या. ती ओळ फाइलच्या माथ्यावर न घालता, जिथे गरज आहे त्या प्रोसिजरमध्येच घालावी, असा माझा आग्रह असतो. वाचणाऱ्याला रेड कुठून आला ते तिथल्या तिथे कळतं.

रेड आणि ग्रीन दोन्ही प्रकारांत असून ते दोन्ही प्रकार दिसत असताना कुणी 'रेड ते ग्रीन' असं लूप लिहिलं, तर कंपायलर अंदाज बांधत नाही. सिग्नलचे की दिव्याचे, हे लिहिल्याशिवाय तो पुढे सरकत नाही.