अंजीर, आबा आणि गोफर

मंडळी, बे एरियात ज्यांच्या घरामागे दोन-चार वाफे आहेत त्यांना गोफर म्हणजे काय हे मी सांगायला नको. त्यांचा एक सुस्कारा मला इथे ऐकू येतोय. पण ज्यांनी नुकतंच घर घेतलंय, आणि जे काका-मावश्या हा अंक तिकडे पुण्यात किंवा साताऱ्यात बसून वाचणार आहेत, त्यांच्यासाठी थोडी ओळख करून देते.

गोफर हा जमिनीखाली राहणारा, वीतभर लांबीचा, तपकिरी रंगाचा, आखूड शेपटीचा कुरतडणारा प्राणी. मूळचा याच खंडातला, त्यामुळे मराठीत त्याला नाव नाही. एमएला मराठी घेतलं, लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं पुण्यात हायस्कूलला मराठी शिकवलं, तरी माझ्या शब्दसाठ्यात त्याच्यासाठी काही सापडेना. शेवटी आमच्या घरात त्याचं नाव ‘घूस’ पडलं. शास्त्रीयदृष्ट्या ते चूक आहे, आपली घूस उंदराच्या कुळातली आणि हा वेगळ्याच कुळातला, पण कामगिरी तीच. एकदा मी एका दिल्लीच्या मैत्रिणीला ‘आमच्या बागेत घूस शिरलीय’ असं हिंदीत सांगितलं आणि ती बराच वेळ विचारात पडली, की बागेत लाच कोण कोणाला देतंय!

आम्ही राहतो मॉर्गन हिलला, सॅन होजेच्या दक्षिणेला. मेपासून ऑक्टोबरपर्यंत इथे पाऊस जवळजवळ नसतोच. टेकड्या वाळून सोनेरी होतात आणि हिरवं, ओलसर, भुसभुशीत असं जे काही उरतं ते लोकांच्या परसात, नळाच्या पाण्यावर. मग गोफरने दुसरीकडे का जावं? तो थंडीत झोपी जात नाही, बारा महिने खणतो. शिवाय पाणी घातलेल्या जमिनीत त्याची वीणही जास्त होते. म्हणजे आपण बागेला पाणी घालतो तेव्हा त्याचाही पाहुणचार चाललेला असतो.

आता अंजिराची गोष्ट. माझं सासर सासवडजवळचं. पुरंदरच्या अंजिराला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते तुम्ही वाचलं असेल. पण आमच्या आबांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, त्या कागदाची गरज नव्हती. खट्टा बहार, मीठा बहार हे शब्द त्यांच्या घरात दूध-भाकरीसारखे बोलले जात. आम्ही घर घेतलं तेव्हा नवऱ्याने पहिलं झाड आणलं ते अंजिराचं. ‘ब्लॅक मिशन’ नावाचं, इकडचं जुनं वाण. अठराव्या शतकात स्पॅनिश मिशनऱ्यांबरोबर ते कॅलिफोर्नियात आलं, म्हणून हे नाव. फेब्रुवारी 2023 मध्ये लावलं आणि उन्हाळ्यात ते माझ्या खांद्याला लागलं.

त्याच वर्षी मे महिन्यात सासूबाई गेल्या. दिवाळीच्या आधी आबांना आम्ही सहा महिन्यांसाठी इकडे आणलं. ज्यांच्याकडे आई-वडील येऊन राहतात त्यांना हे दिवस माहीत आहेत. नवरा ऑफिसला, लेक शाळेत, घरात मी आणि ते. सकाळी अंघोळ, तुळशीची माळ हातात घेऊन जप, चहा, आणि मग काचेच्या दारापाशी खुर्ची. टीव्ही लावला तर बघायचे, बंद केला तर तसेच बसायचे. जेवायला काय करू विचारलं की, ‘तुला सोपं पडंल ते कर, पोरी.’ चार आठवड्यांत त्यांनी स्वतःहून मला काही विचारल्याचं आठवत नाही. मी वर्गात चाळीस मुलांना बोलतं करत आले होते, पण आबांपुढे माझे सगळे प्रश्न संपले.

नोव्हेंबरात अंजिराची पानं पिवळी पडून गळायला लागली. अंजीर इथे हिवाळ्यात पानं गाळतंच, त्यामुळे त्यात वावगं काही दिसत नव्हतं. एका सकाळी आबा दार सरकवून बाहेर गेले. झाडाकडे जरा वेळ पाहिलं, खोडाला हात घातला आणि ते झाड सरळ त्यांच्या हातात आलं, जमिनीत नुसती काठी खोचून ठेवावी तसं. खाली मूळ नव्हतंच. खोडाचं टोक मात्र शिसपेन्सिलला टोक करावं तसं तासलेलं.

आबांनी ते मला दाखवलं. ‘मुळाशी खाल्लं की पान लई उशिरा सांगतं,’ म्हणाले. मग खाली बसून बोटांनी माती चाचपली, बीळ शोधून काढलं आणि विचारलं, ‘हिकडं घुशी हायेत?’

त्या दिवसापासून आबा बोलायला लागले. अगदी स्पष्ट सांगायचं तर त्या गोफरने आमच्या घरावर उपकारच केले. पण तेव्हा मी हे कोणाला बोलले नाही, कारण नवरा त्या झाडाचं खोड धरून फार वाईट चेहऱ्याने उभा होता.

कुंपणापलीकडे एक मेक्सिकन आजोबा राहतात. आयुष्य गिलरॉयच्या लसणाच्या आणि मिरचीच्या शेतांत गेलेलं. ते गोफरला ‘तूसा’ म्हणतात. आबांना इंग्रजी येत नाही, त्यांना जेमतेम येतं, आणि मराठी-स्पॅनिशचा दुभाषा मॉर्गन हिलमध्ये कुठून मिळणार? तरी दोघं रोज अकरा वाजता कुंपणाशी. मी मध्ये उभी राहून आधी भाषांतर करायचा प्रयत्न केला. मग लक्षात आलं की माझी अडचणच होतेय, म्हणून आत येऊन स्वयंपाकाला लागले.

त्यांच्याकडून, आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाने घरगुती बागांसाठी काढलेल्या माहितीतून, आम्ही जे शिकलो ते सांगते. आधी उकीर ओळखा. मोल नावाचा दुसरा प्राणी मातीचा ढीग ज्वालामुखीसारखा गोल करतो. तो मुख्यतः गांडुळं आणि किडे खातो, झाडाच्या मुळांशी त्याचं वैर नाही. गोफरचा ढीग घोड्याच्या नालासारखा किंवा पंख्यासारखा पसरलेला, एका बाजूला भोक आणि ते मातीच्या बुचाने बंद केलेलं. त्याची खायला फिरायची बोगदी जमिनीखाली वीत-दीड वीत असतात, घरटं आणि कोठार त्याहून बरंच खोल. हा एकलकोंडा प्राणी आहे. अंगणात दहा ढीग दिसले म्हणजे दहा गोफर असं नाही; एकटाच एवढा उद्योग करू शकतो.

उपाय विचारायला गेलात तर प्रत्येक जण वैद्य. एरंडेलाचं तेल ओता, बिळात च्युइंगगम टाका, आवाज करणारी खुंटी रोवा. आमच्या मंडळातल्या एका मावशींनी हिंग सुचवला. एवढा हिंग मातीत घालायचा तर मी आमटीत काय घालू? विद्यापीठाची माहिती सांगते की वासाच्या आणि आवाजाच्या या उपायांचा फारसा भरवसा नाही. विषाचा विचार आम्ही पहिल्याच दिवशी सोडला. विष खाल्लेला उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही मरतं. त्यातल्या सर्वांत जहाल गटाच्या बहुतेक वापराला या राज्यात 2021 पासून बंदी आहे, ती याच कारणाने. इकडे द्राक्षमळेवाले गव्हाणी घुबडांसाठी खांबांवर लाकडी पेट्या लावतात. हे सांगितल्यावर आबा खूश झाले. ‘मंजी आपले पक्षीथांबेच की!’

खात्रीचा उपाय एकच, जाळी. आणि ती झाड लावतानाच घालायची. भाजीचे वाफे उंच करून त्यांच्या तळाशी अर्ध्या इंची चौकोनी भोकांची जाड, जस्ताचा मुलामा दिलेली जाळी अंथरतात. झाडासाठी मात्र ती जाड जाळी नको, कारण पुढे मुळं जाडावली की ती त्यांनाच आवळते. त्याला कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ षट्कोनी जाळी बरी, पण भोक पाऊण इंचाहून मोठं नको, नाहीतर पिल्लं आत शिरतात. तिची दोन फूट रुंद, दोन फूट खोल टोपली करायची, कडा तारेने शिवायच्या आणि काठ जमिनीच्या वर चार-सहा इंच ठेवायचा, कारण हे महाशय रात्री वरूनही येतात. बारीक मुळं जाळीतून बाहेर जातात आणि खाल्ली गेली तरी झाड तगतं. बुंध्याजवळची शाबूत राहिली म्हणजे झालं. काही वर्षांनी तार गंजून जाते, तोवर झाड स्वतःला सांभाळण्याइतकं मोठं होतं.

डिसेंबरात शेजारच्या आजोबांनी त्यांचं अंजीर छाटलं. आबांनी त्या फांद्यांतून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या सहा काड्या निवडल्या आणि कुंड्यांत लावल्या. दोन जगल्या. जानेवारीभर गॅरेजमध्ये बसून आबांनी टोपली विणली. तारेने बोटं सोलवटली, मी हातमोजे दिले ते त्यांनी खिशात ठेवून दिले. विणता विणता सासूबाईंबद्दल बोलायचे. लग्नात त्यांना अंजीर आवडत नव्हतं म्हणे, चीक लागून हाताला खाज सुटायची. चाळीसेक वर्षं त्यांनी अंजिराच्या पाट्या भरल्या. हे मला लग्नाला दहा वर्षं होऊनही माहीत नव्हतं.

इथपर्यंत सगळं गोड. पण आमच्याकडे एक लिंबाचं झाडही आहे, आधीच्या मालकांनी लावलेलं, चांगलं मोठं. जानेवारीच्या शेवटी त्याच्या बुंध्याशी पंख्यासारखे तीन ढीग आले. वाढलेल्या झाडाखाली टोपली घालता येत नाही. पकडून टेकडीवर नेऊन सोडावं म्हटलं, तर कॅलिफोर्नियात ते बेकायदा आहे. म्हणजे एकतर झाड जाऊ द्यायचं किंवा सापळा लावायचा, आणि हा सापळा मारणारा असतो.

आमच्या सात वर्षांच्या लेकीने घरात रणकंदन केलं. ‘गणपतीबाप्पाचं वाहन तुम्ही मारणार?’ गळ्यात माळ घातलेले आबा शांतपणे म्हणाले, ‘बाप्पानं त्याला बुडाखाली ठिवलंय, चिमणे. मोकळं न्हाई सोडलं.’ तिला ते पटलं नाही. मलाही पूर्ण पटलं नाही. आम्ही अंडंसुद्धा घरात आणत नाही. पण आपण जे धान्य आणि भाज्या खातो, त्या शेतात कोणी ना कोणी हे काम करतंच, आपल्याला ते बघावं लागत नाही एवढंच. हे मी तिला सांगितलं नाही. पुढे कधीतरी सांगेन.

सापळा शेजारच्या आजोबांनी आणला, वाकवलेल्या तारेचा, मॅकाबी नावाचा. इथून अर्ध्या तासावरच्या लॉस गॅटोस गावात झेफर मॅकाबी नावाच्या न्हाव्याने तो शोधला आणि 1900 साली त्याचं पेटंट घेतलं. लॉस गॅटोसचा स्पॅनिश अर्थ ‘मांजरं’. हा योगायोग मी दोन्ही आजोबांना मोठ्या उत्साहाने सांगितला, एक हसले, दुसरे कामात होते. ढिगाच्या बुचाच्या बाजूला वीतभर अंतरावर लोखंडी सळई टोचत जायचं. ती एकदम दोन इंच खाली गेली की मुख्य बोगदा सापडला. तिथे खणून दोन्ही दिशांना तोंड करून दोन सापळे, तारेने खुंटीला बांधलेले.

दुसऱ्या दिवशी तो सापडला. लेक शाळेत होती. मी बघायचं ठरवलं, आणि बघितलं. पिवळट लांब दात ओठांच्या बाहेर. त्याचे ओठ दातांच्या मागे मिटतात, म्हणून दातांनी खणलं तरी तोंडात माती जात नाही. गालांवर बाहेरून दोन खिसे, आतून लव असलेले, आणि एका खिशात आमच्याच गवताच्या मुळांचे व्यवस्थित कापलेले तुकडे. कोठारात न्यायला निघाला होता. आबांनी कुंपणाच्या कोपऱ्यात खड्डा काढून त्याला पुरलं, हात धुतले, आणि त्या दिवशी दुपारी जेवले नाहीत. मी विचारलं नाही.

फेब्रुवारीत टोपलीत अंजीर लावलं आणि मार्चमध्ये आबा परत गेले. एप्रिलमध्ये लिंबाजवळ नवा ढीग आला. मोकळं बीळ फार दिवस रिकामं राहत नाही. लिंबाखाली वर्षातून दोनदा तरी सापळा लावावा लागतो, आता तो मी लावते. लेक त्या दिवशी माझ्याशी कमी बोलते.

गोफरच्या ढिगाची माती मात्र चाळल्यासारखी बारीक असते, एकही खडा नाही. गेल्या वर्षी दिवाळीचा किल्ला करायला लेकीने तीच घमेल्यात भरून आणली. यंदा राजगड करायचाय, त्याला तीन माच्या लागतात, म्हणून माती जास्त हवी. त्यामुळे किल्ला होईपर्यंत सापळा लावायचा नाही असं तिने मला बजावलंय.

या ऑगस्टमध्ये अंजिराला पहिली अकरा फळं आली. मी व्हिडिओ कॉल लावून आबांना एकेक दाखवत होते. ते म्हणाले, ‘फळं ऱ्हाऊ दे. फोन खाली घे. जाळीचा काठ चार बोटं वर दिसतोय का, ते दाव.’