सहलीत जेवायचे कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला, दोन दिवसांची सहल काढली. आम्ही दोघे, दहावीतला मुलगा, आठवीतली मुलगी आणि सत्तरी ओलांडलेल्या अम्मी. बीबी का मकबरा, पाणचक्की, खुलदाबाद, वेरूळ अशी यादी बार्शीटाकळीहून निघतानाच तयार होती. गाड्यांच्या वेळा पाहिल्या, खोली ठरवली. जेवायचे कुठे, हे मात्र कोणीच ठरवले नव्हते.

आमच्या गावात हा प्रश्न पडत नाही. बाहेरचे खाणे म्हणजे स्टँडजवळचा चहा, आलुबोंडा, फार तर अकोल्याला गेल्यावर बिर्याणी. परगावी पाच माणसांच्या पाच भुका असतात, हे पहिल्याच दुपारी कळले.

मुलाला बर्गर हवा होता. आम्ही स्वस्त आणि ओळखीचे जेवण म्हणून एका साध्या खानावळीत शिरलो. "हे तर घरी रोजच खातो," म्हणून त्याने ताट सरकवले. आमचा आवाज चढला. आसपासचे लोक वळून पाहू लागले. वर्गात ज्या वयाच्या मुलांना आम्ही चारचौघांत कधी अपमानित करत नाही, त्याच वयाच्या आपल्या मुलाला आम्ही भरल्या खानावळीत बोललो. तो गप्प झाला तो रात्रीपर्यंत. मकबऱ्यासमोर काढलेल्या फोटोत आम्ही चौघेच आहोत.

रात्री खोलीवर अम्मींनी विषय काढला. "लेकराला विचारलं होतं का तुम्ही?" आम्ही विचारले नव्हते. मग सगळे पलंगावर बसलो आणि दुसऱ्या दिवसाचे ठरवले. दुपारचे जेवण मोठ्यांच्या पसंतीचे, रात्रीचे मुलांच्या पसंतीचे. खर्चाचा आकडा मुलांना आधीच सांगायचा आणि तो पाळण्याची जबाबदारीही त्यांचीच. दोन अटी सर्वांना सारख्या: गोश्त हलाल असल्याची खात्री करायची आणि अम्मींना चावेल असे काहीतरी तिथे मिळायला हवे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणचक्की पाहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यालगतची ही गिरणी. दूरच्या झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या नळांतून इथे आणले होते आणि त्या पाण्याच्या जोरावर फकीर-मुसाफिरांसाठी धान्य दळले जाई. मुलगी म्हणाली, "म्हणजे त्यांनी जेवणाची सोय आधी केली होती!" टोला आम्हालाच होता.

दुपारी आम्ही नान-कलिया निवडला. तंदूरमधली मोठी, मऊ नान आणि मटणाचा मसालेदार रस्सा. 1327 मध्ये मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादला आणली, तेव्हा त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला असे सांगतात. हा किस्सा ऐकता ऐकता मुलाने दुसरी नान मागितली. अम्मींनी नान रश्श्यात भिजवून आरामात खाल्ली.

रात्री मुले पुढे, आम्ही मागे. पहिल्या ठिकाणी रोषणाई होती, बर्गर होता, गर्दीही होती. बसण्याआधी मुलाने काउंटरवर विचारले, "चिकन हलाल है ना? कहाँ से आता है?" उत्तर गोलमोल आले. आम्ही काही बोलणार तेवढ्यात तोच वळला, "अब्बू, यहाँ नहीं. आगे चलते हैं." दिवसभर ज्या बर्गरसाठी तो थांबला होता, तो त्याने स्वतः सोडला. कालच्या रागावण्याने हे साधले नसते.

पुढच्या गल्लीत एक छोटे हॉटेल मिळाले. मालकाने खाटिकाचे दुकानही सांगितले. मुलांना बर्गर, आम्हाला तंदुरी रोटी आणि दाल, अम्मींना गरम सूप. मुलीने 5 टक्के जीएसटी तोंडी काढून बिल तपासले. ठरलेल्या रकमेत चाळीस रुपये उरले, त्यांची कुल्फी झाली.

वाचकांना आमच्या अनुभवातून एवढेच सांगावेसे वाटते. पोटात कावळे ओरडू लागण्याआधी हॉटेल शोधा, कारण भुकेल्या माणसाशी चर्चा होत नाही. बसण्याआधी दारातच मेनू आणि दर पाहा. हलालबद्दल विचारायला लाजू नका आणि खात्री नसेल तर दाल-रोटी आहेच. बिलात 'सर्व्हिस चार्ज' लावला असेल तर तो सक्तीचा नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 2022 मध्येच स्पष्ट केले आहे. आणि निम्मी निवड मुलांच्या हाती द्या. ती चुकली तर एक जेवण बिघडेल, आपण चुकलो तर काय बिघडते ते आम्ही पाहिले आहे.

आता चिखलदऱ्याला जायचे चालले आहे. जेवणाची यादी मुलगा करतो आहे. पहिल्या ओळीत त्याने लिहिले आहे: दादीसाठी मऊ काय मिळेल?