ॲक्सेंट हा आजार नाही

"डॉक्टर, मुलाच्या इंग्रजीतला मराठी हेल जाईल असं काही औषध आहे का?" परदेशी निघालेल्या मुलांचे पालक मला अधूनमधून विचारतात. औषध नाही, कारण हा आजारच नाही.

तान्हं बाळ परक्या भाषेतले ध्वनीही वेगवेगळे ओळखतं; पुढे कान घरच्या भाषेला सरावतो. वर्कर आणि टीस या संशोधकांनी इंग्रजी बोलणाऱ्या घरांतल्या बाळांना हिंदीतले 'त' आणि 'ट' ऐकवले. १९८४ मध्ये त्यांनी लिहिलं, की सहा-आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना फरक कळला. वर्षाची होईपर्यंत बहुतेकांना कळेनासा झाला. जिभेचंही तसंच. इंग्रजीतला 'टी' म्हणताना इंग्रजांची जीभ दातांमागच्या हिरडीला टेकते, आपली मागे वळून टाळूला. मोठेपणी ही सवय पूर्ण मोडणं फार थोड्यांना जमतं.

मग प्रयत्न कशासाठी करायचा? समोरच्याला समजावं म्हणून. माझं इंग्रजी आजही मराठी वळणाचंच आहे. पण परप्रांतीय रुग्णाला औषधाची मात्रा सांगताना मी 'फिफ्टीन' म्हणून थांबत नाही, 'वन फाइव्ह' असंही सांगतो. तिथे 'फिफ्टी' ऐकू गेलं तर जिवावर बेतू शकतं.

म्हणून सावकाश बोला, शब्दात जोर कुठे द्यायचा ते शिका, शेवटचं अक्षर गिळू नका. हेल राहिला तर राहू द्या. मुलांची त्यावरून चेष्टा मात्र करू नका. चेष्टेला घाबरून ती बोलायचीच थांबतात.

आणि एक लक्षात ठेवा: जीभ अचानक जड झाली, बोलणं अडखळू लागलं, तर तो ॲक्सेंट नव्हे. पक्षाघात असू शकतो. लगेच रुग्णालय गाठा.