गोळीची वेळ

भूमच्या काकूंचा चाळीस वर्षांचा नियम होता : देवदर्शनाशिवाय पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. मंदिरातून परतल्यावर चहासोबत थायरॉईडची गोळी, लगेच कॅल्शियम आणि केसांसाठी बायोटिनची कॅप्सूल. गोळीची मात्रा वाढली, तरी थकवा जाईना. ‘आता नियम सोडा,’ असे घरात कोणीतरी म्हणाले आणि काकू खचल्या.

सोलापूरच्या तज्ज्ञांकडे जाण्यापूर्वी सुनेने प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा व वेळ वहीत नोंदवली. वही पाहून डॉक्टरांनी सांगितले, दोष नियमाचा नाही, क्रमाचा आहे. कॅल्शियम व लोह या गोळीचे शोषण कमी करतात. त्यांत चार तासांचे अंतर हवे. चहाही अर्ध्या ते एक तासाने घ्यावा. बायोटिनमुळे रक्ततपासणीचे आकडे फसवे येऊ शकतात. म्हणून ते बंद करून, दोन दिवस जाऊ दिल्यावर तपासणी पुन्हा झाली.

आता दर्शनानंतर नुसत्या पाण्यासोबत गोळी आणि सूर्यास्तापूर्वीच्या भोजनासोबत कॅल्शियम. मात्रा तीच ठेवली. सहा आठवड्यांनंतरच्या तपासणीत टीएसएच मर्यादेत आले. नियम अभंग राहिला. वहीतली नोंद आता काकू स्वतः करतात. वैद्यापासून काही न लपवणे हाही त्यांच्या नियमांतलाच एक झाला आहे.