लाईट गेल्यावर

लाईट गेली त्या क्षणी आत काय अर्धवट राहिलं, हे परभणीत कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. गिऱ्हाईक येतं ते "फॉरमॅट मारून द्या" म्हणतच. फॉरमॅट मी शेवटी ठेवतो. मशीन लिनक्सचं असेल तर ते पेनड्राइव्हवरून सुरू करतो, आतली डिस्क माउंट न करता तिच्यावर डिस्क तपासणारी 'एफएससीके' ही आज्ञा चालवतो आणि पडद्यावरची एकेक ओळ वाचतो. 'रिकव्हरिंग जर्नल' दिसलं की बहुतेक वेळा काम तिथंच होतं.

सेव्ह केलं की फाईल लगेच डिस्कवर गेली, असं बहुतेकांना वाटतं. ती आधी रॅममध्ये थांबते. डिस्कवर सारखं थोडं थोडं लिहिणं महाग पडतं, म्हणून कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ते साठवून एकत्र लिहितो. प्रोग्रॅमने स्वतः तगादा लावला नाही, तर नेहमीच्या मांडणीत हे लिहिणं अर्ध्या मिनिटाच्या आसपास लांबू शकतं. आमच्याकडे उन्हाळ्यात लाईट जायला तेवढा वेळ पुष्कळ झाला.

लिनक्सच्या जुन्या ईएक्सटी2 या फाईल सिस्टीममध्ये मशीन असं बंद पडलं की पुढच्या वेळी सगळी डिस्क तपासावी लागे. 2001 मध्ये जर्नल ठेवणारी ईएक्सटी3 लिनक्सच्या कर्नलमध्ये आली आणि 2008 मध्ये ईएक्सटी4 वापरायला पक्की झाली. मोंढ्यातला मुनीम व्यवहार आधी कीर्दीत टिपतो, मग खतावणीत नेतो. जर्नलचं काम तसंच. होणारा बदल आधी तिथं लिहिला जातो. मशीन पुन्हा सुरू झालं की पूर्ण झालेल्या नोंदी पुढे नेल्या जातात, अर्धवट सोडून दिल्या जातात. एक गोष्ट मात्र प्रत्येकाला बसवून सांगतो: ही नोंद साधारणपणे फाईल कुठे आहे, केवढी आहे याची असते, आतल्या मजकुराची नसते. डिस्क धडधाकट असूनही पत्राचा शेवटचा परिच्छेद जाऊ शकतो. मशीनला यूपीएस लावा म्हणतो ते त्यासाठी.

हे सगळं मला शिकता आलं, कारण ते लिहून ठेवलेलं आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी 1991 मध्ये लिनक्सचा कर्नल लोकांपुढे ठेवला, पुढच्याच वर्षी तो जीपीएल या खुल्या परवान्याखाली आला. तेव्हापासून त्याचा कोड आणि सोबतचे दस्तऐवज कुणालाही उघडता येतात, जिंतूर रोडवर बसणाऱ्यालाही. विंडोजची एनटीएफएस ही फाईल सिस्टीमसुद्धा अशी नोंद ठेवते आणि चांगली ठेवते, पण मायक्रोसॉफ्टने तिचा कोड झाकलेला आहे. कारागिराला हा फरक फार मोठा आहे. झाकलेल्या वस्तूची दुरुस्ती पाठ करता येते, समजून घेता येत नाही.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला. चार जीबी रॅमची चांगली मशीनं त्यामुळे भंगारात जाऊ नयेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांच्यावर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती व्यवस्थित चालते. शिकू पाहणाऱ्या पोरांना मी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे मराठी धडे दाखवतो आणि टर्मिनलमध्ये आधी 'सिंक' ही आज्ञा द्यायला लावतो. रॅममध्ये थांबलेलं सगळं ती डिस्कवर उतरवते. मग पेनड्राइव्ह. त्यावर बहुधा फॅट32 किंवा एक्सफॅट असते आणि त्या दोन्हींना जर्नल नाही. ऑफिसातली माणसं तो सरळ ओढून काढतात. तसं का करू नये, हे पोरं विचारतात, तेव्हा त्यांना अनमाउंट करायला सांगून पेनड्राइव्हचा दिवा बघायला लावतो. कॉपी संपली असं पडद्यावर दिसल्यावरही तो लुकलुकत असतो.