दगडावरची मराठी



'मजकूर' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे कागद उभा राहतो. या अभ्यासक्रमातही तुम्ही बहुतांशी छापील मजकूरच वाचला आहे. परंतु भाषा कागदाबाहेरही वस्तीला असते. वर्ध्याला अध्यापन करताना माझे कितीतरी रविवार विदर्भातील जुनी चर्च आणि दफनभूमी पाहण्यात गेले. मी ख्रिस्ती नाही, वास्तुविशारदही नाही. भाषेचा अभ्यासक म्हणून मी तेथे जातो आणि दर वेळी वहीत काही ना काही उतरवून घेऊन परततो.

आधी शब्द पाहू. चर्चभोवतीच्या, थडग्यांनी भरलेल्या आवाराला इंग्रजीत स्वतंत्र शब्द आहे. मराठीत तसा शब्द रूढ झाला नाही, कारण ती रचनाच आपल्याकडे फारशी आली नाही. इंग्लंडमधील खेड्यात चर्च आणि थडगी एकाच कुंपणात असत. उपासनेला जाणारा माणूस आपल्या पूर्वजांच्या थडग्यांमधूनच वाट काढत जाई. वसईच्या किल्ल्यातील पोर्तुगीज चर्चच्या फरशीतच थडग्यांचे कोरीव दगड बसविलेले दिसतात. ब्रिटिश अमदानीत मात्र दफनभूमी बहुधा चर्चपासून दूर आखल्या गेल्या. म्हणून आपण दोन जागा दोन शब्दांनी ओळखतो: चर्च आणि कबरस्तान. पहिला शब्द इंग्रजीतून आला, दुसरा अरबी-फारसीच्या वाटेने. 'पाद्री' आणि 'क्रूस' पोर्तुगिजांकडून आले, वसई-गोव्याकडची 'इगर्जी'ही त्यांचीच. 'थडगे' तेवढे घरचे.

आता वास्तू. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये मध्ययुगीन गॉथिक शैलीचे पुनरुज्जीवन झाले. १८३९ मध्ये स्थापन झालेल्या केंब्रिज कॅम्डेन सोसायटीने चर्चबांधणीचे जणू व्याकरणच घालून दिले: वेदी पूर्वेला असावी, कमानी टोकदार असाव्यात, उपासकांचा सभामंडप आणि वेदीचा गाभारा वेगवेगळे ओळखू यावेत. 'सभामंडप' आणि 'गाभारा' हे मंदिराचे शब्द मी सहज वापरले आणि तुम्हांला ते सहज कळले, हेही ध्यानात घ्या. मुंबईत कुलाब्याचे अफगाण चर्च याच व्याकरणाने उभे राहिले. त्याची पायाभरणी १८४७ मध्ये झाली, ते उपासनेसाठी खुले झाले १८५८ मध्ये आणि त्याचा सुमारे ६० मीटर उंचीचा मनोरा पूर्ण झाला १८६५ मध्ये. हेन्री कॉनीबेअर हे त्याचे रचनाकार. पहिल्या अफगाण युद्धातील मृतांचे ते स्मारक आहे. आपल्या जवळचे उदाहरण म्हणजे नागपूरचे ऑल सेंट्स कॅथीड्रल. ते १८५१ मध्ये बांधले गेले आणि १८७९ मध्ये इंग्लंडमधील नामवंत गॉथिक वास्तुविशारद जॉर्ज फ्रेडरिक बॉडली यांच्या आराखड्यानुसार वाढविले गेले.

उसनवार घेतलेला शब्द नव्या भाषेत आला की तिच्या उच्चाराला वळतो. 'स्टेशन'चे 'टेसन' होते. वास्तूचेही तसेच होते. कमान टोकदारच राहते, पण उन्हाच्या बाजूला व्हरांडा येतो, भिंती जाड होतात, गरम हवा वर निघून जावी म्हणून छपराशी झरोके ठेवले जातात, लहान गावातील चर्चवर कौले चढतात. मूळ व्याकरण ओळखू येते आणि उच्चार मात्र इथला होतो.

दफनभूमीत ही गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये नागपूरला आले. ते भूगर्भाचे अभ्यासक होते, तसेच आदिवासींच्या भाषांचेही. त्यांनी जमविलेले गोंडी गीत आणि शब्दसंग्रह त्यांच्या मृत्यूनंतर, १८६६ मध्ये, रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ हिस्लॉप पाण्यात बुडाले. ती शिलावर्तुळे म्हणजे लोहयुगीन दफने. वर्धा जिल्ह्यात खैरवाड्यालाही अशी वर्तुळे आहेत. मृताभोवती दगड मांडण्याची रीत या मातीला नवी नव्हती. नव्याने आली ती दगडावरची अक्षरे.

ती अक्षरे आरंभी इंग्रजी होती, हळूहळू मराठी झाली. 'ख्रिस्तवासी' हा शब्द पाहा. 'कैलासवासी', 'वैकुंठवासी' यांच्या साच्यात तो घडला. पण त्या शब्दांत मृताचा वास एका लोकी आहे, इथे तो एका व्यक्तीच्या ठायी आहे. साचा जुना ठेवून समाजाने आपली नवी श्रद्धा त्यात बसविली. 'प्रभूमध्ये झोपी गेला' ही वाक्यरचना बायबलच्या मराठी भाषांतरातून थेट थडग्यावर उतरली. मराठीच्या इतिहासाची ही पाने आहेत आणि ती उघड्यावर पडली आहेत.

काही वर्षांपूर्वी संपर्कसत्राला येणाऱ्या एका परिचारिका विद्यार्थिनीने मला पणजीच्या थडग्याचे छायाचित्र दाखविले. दगडफुलाने अक्षरे खाल्ली होती. 'येथें' आणि '…स्तवासी' एवढेच वाचता आले. नावाची ओळ गेली होती. घरात पणजीचा एकही कागद नव्हता; सगळे तिला 'माय' म्हणत, त्यामुळे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. मी तिला एक शब्द पुरा करून देऊ शकलो, नाव देऊ शकलो नाही. मध्य प्रांत व वऱ्हाडातील थडग्यांवरील लेखांची ओ. एस. क्रॉफ्टन यांनी केलेली यादी १९३२ मध्ये प्रसिद्ध झाली. अशा याद्यांचा भर युरोपीय मृतांवर असे. मराठीत कोरलेल्या नावांची यादी आपणच करायची आहे.

त्यासाठी फार साधने लागत नाहीत. चर्चच्या पंचांची किंवा धर्मगुरूंची परवानगी घ्या. सकाळी किंवा सायंकाळी जा. तिरप्या उन्हात पुसट अक्षरेही उठून दिसतात. दगड घासू नका, त्यावर खडू ओढू नका. 'येथें', 'त्यांचें' असे अनुच्चारित अनुस्वार दिसले, तर लेख बहुधा १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या वळणाचा आहे, असा अंदाज बांधता येतो. जे दिसते तेच उतरवा. नावाच्या लेखनात चूक वाटली तरी ती दुरुस्त करू नका. कोरणाऱ्याने ते नाव ज्या उच्चाराने ऐकले, तो उच्चार पुष्कळदा त्या चुकीतच शिल्लक राहिलेला असतो.