खर्जाची पेटी

मोटारींत गाणें लावण्याचे दोन प्रकार आमच्या पाहण्यांत आहेत. एका प्रकारांत गाडी दिसण्यापूर्वींच तिची धडधड ऐकूं येते व घरांतील तावदानें थरथरूं लागतात. दुसऱ्यांत तंबोरा माशीसारखा गुणगुणतो, गवयाचा गळा पत्र्याच्या डब्यांतून आल्यासारखा लागतो आणि तबलजी डग्गा घरींच विसरून आला कीं काय, अशी शंका येते. कारखान्यांतून गाडीबरोबर जो स्टिरिओ येतो तो बहुधा या दुसऱ्या जातीचा. तेव्हां गेल्या दिवाळींत आमच्या चिरंजीव पुतण्यानें "गाडीला सबवूफर बसवूं या" असें म्हणतांच ओटीपासून माजघरापर्यंत निषेध उमटला, यांत नवल नाहीं. "वरातीची गाडी करणार आहांत का?" एवढें विचारून मातुःश्रींनीं विषय संपविला.

तो पुन्हां निघाला तीर्थरूपांमुळें. आमचें घर टोकावड्यास, कल्याणहून मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत. तीर्थरूपांचें वय ८४. तरुणपणीं एकादशीच्या भजनास तबल्याची साथ त्यांचीच असे. आतां वयोमानानें कानांतले वरचे सूर गेले आहेत. कानांतील ज्या सूक्ष्म पेशी उंच स्वर टिपतात त्याच बहुधा प्रथम झिजतात, असें डॉक्टर सांगतात. श्रवणयंत्र आहे, पण गाडीच्या घरघरींत तें त्यांस नकोसें होतें, म्हणून काढून खिशांत ठेवितात. महिन्यांतून दोनदां त्यांस कल्याणला न्यावें लागतें. वाटेंत ते गाणें लावावयास सांगत, मग "मोठें करा", पुन्हां "मोठें करा", मागें बसलेल्या मातुःश्री पदराचा बोळा कानाशीं धरीत, आणि मुरबाड येण्यापूर्वींच तीर्थरूप म्हणत, "बंद करा. त्यांत तालच नाहीं." पुढें पुढें तर त्यांनीं गाणें लावा म्हणणेंच सोडलें. ज्या मनुष्याचा हात जेवतांनाही पाटाच्या कडेवर ठेका धरीत असे, तो तास-दीड तास खिडकीबाहेर पाहत निमूट बसूं लागला.

"त्यांत तालच नाहीं" हें त्यांचें वाक्य आम्हांस प्रथम म्हातारपणाचा त्रागा वाटण्याजोगें होतें. परंतु तें अक्षरशः खरें आहे. त्रितालांत भरी कोणती आणि खाली कोणती हें ऐकणाऱ्यास कळतें तें मुख्यतः डग्ग्यावरून. 'धा' आणि 'धिं' यांत डग्गा बोलतो. खालीच्या 'ता' आणि 'तिं' यांत तो मुका राहतो. ज्या यंत्रांतून डग्गा ऐकूंच येत नाहीं, त्यांत सोळाही मात्रा खालीच्याच! समेची वाट पाहावयाची तरी कशावरून? वरचे सूर तीर्थरूपांच्या वयानें नेले आणि खालचे त्या स्टिरिओनें कधीं दिलेच नाहींत. मध्यें जें उरलें त्यास ते गाणें म्हणेनात.

स्टिरिओ खालचे सूर कां देत नाहीं? स्वर जितका खालचा तितकी हवा अधिक हलवावी लागते. स्वराची कंपनें निम्मीं केलीं तर तितकाच जोर राखण्यासाठीं स्पीकरच्या पडद्यास चौपट अंतर मागेंपुढें व्हावें लागतें. काळी एकचा पुरुषी षड्ज सेकंदास सुमारें १३९ कंपनांचा; तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे सुमारें ६९. दाराच्या पोकळींत बसविलेल्या सहा इंची स्पीकरनें तेथवर पोहोंचावें कसें? शिवाय जाहिरातींत आंकडा कांहींही असो, १२ व्होल्टच्या बॅटरीवर थेट चालणाऱ्या स्टिरिओची खरी शक्ति दर स्पीकरमागें २० वॅटच्या आसपास संपते. त्यापुढें बटन फिरविलें तर गाणें मोठें होत नाहीं, नुसतें फाटतें.

याहून मौजेची गोष्ट फ्लेचर व मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखविली. आवाज लहान केला कीं मनुष्याच्या कानास सगळे स्वर सारखे कमी होत नाहींत; खर्ज सर्वांआधीं नाहींसा होतो. म्हणजे खर्जाची भरपाई करणारी पेटी ही मोठ्यानें ऐकणाऱ्यापेक्षां हळू ऐकणाऱ्याच्याच अधिक उपयोगाची! वरातवाल्यांनीं तिचें नांव खराब केलें, हा त्या बिचारीचा दोष नव्हे. हें आम्हीं मातुःश्रींस समजावून सांगितलें. त्यांनीं "तुमच्या बाबांना ऐकूं येत असेल तर बसवा, मला येतां कामा नये" अशी अट घातली. अट कठीण होती.

ही पेटी स्वयंपूर्ण असते. स्पीकर व त्याचा ॲम्प्लिफायर एकाच कवचांत. उंची चार बोटें, त्यामुळें ती पुढच्या आसनाखालीं सरकते. कारखान्याचा स्टिरिओ काढून टाकावा लागत नाहीं, हा तिचा मोठा गुण. मुरबाडचे एक कारागीर रविवारीं सकाळीं आले. हातांत पक्कड घेण्याआधीं त्यांनीं बॅटरीची ऋण तार सोडविली, तेव्हांच आमचा त्यांच्यावर विश्वास बसला. आसनाखालीं पिवळ्या वेष्टनाच्या कांहीं तारा होत्या. त्या अपघातांत फुगणाऱ्या संरक्षक पिशवीच्या. त्यांस कोणीं हात लावावयाचा नाहीं, अशी त्यांची सक्त ताकीद.

जाड तांबडी तार बॅटरीपासून थेट आणली. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आंतच फ्यूज बसविला. पुतण्यास वाटत होतें कीं फ्यूज पेटीच्या रक्षणासाठीं असतो. कारागीर म्हणाले, "पेटी जळली तर पैसे जातील, तार जळली तर गाडी जाईल." पत्र्याच्या कडेवर घासून तारेचें आवरण फाटलें तर बॅटरीची सारी शक्ति तेथें आगीच्या रूपानें बाहेर पडेल, म्हणून फ्यूज मुळापाशीं आणि पत्र्याच्या भोंकांत रबराची कडी. काळी तार गाडीच्या पत्र्यास जोडतांना तेथील रंग खरवडून पांढरें लोखंड उघडें केलें. हा सांधा सैल राहिला तर इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी एक किणकिण गाण्यांत शिरते.

स्टिरिओला वेगळी पेटी जोडण्याची सोय नव्हती. तेव्हां मागील स्पीकरांच्या तारांवरूनच गाणें घेतलें. तारा न कापतां, मधें जोडणीचा तुकडा घालून. येथें एक धोका आहे. स्पीकरच्या दोन तारांपैकीं एक ऋण समजून ती पत्र्यास टेकविली तर स्टिरिओ कायमचा मुका होण्याचा संभव, कारण आजच्या स्टिरिओंत दोन्ही तारांवर बॅटरीच्या निम्मा दाब असतो. गंमत अशी कीं तोच दाब ओळखून आमची पेटी आपोआप जागी होते व गाणें बंद केलें कीं झोंपते. नाहींतर ती रात्रभर जागून सकाळपर्यंत बॅटरी रिकामी करती.

बसविणें दोन तासांत झालें. जुळविणें चार रविवार चाललें. पेटीनें ८० कंपनांखालचेंच स्वर घ्यावे असें बटन लावलें. तें याहून बरेंच वर नेलें तर गवई आसनाखालीं लपून गातो आहे असा भास होतो. इतक्या खालच्या स्वरांची दिशा मात्र कानास उमजत नाहीं. दुसरें बटन जोराचें. पुतण्या तें वाढवी, आम्ही कमी करूं. शेवटीं गाडी अंगणांत उभी करून मातुःश्रींस पायरीवर बसविलें. खर्जाच्या लाटा लांब, ४० कंपनांची लाट साडेआठ मीटरांची. त्या बंद कांचांस जुमानीत नाहींत. म्हणूनच रस्त्यावरून जाणाऱ्या गाडींतलें गाणें ऐकूं येत नाहीं, धडधड तेवढी येते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत वसतीच्या जागीं दिवसा ५५ व रात्रीं ४५ डेसिबलची मर्यादा आहे; मातुःश्रींची मर्यादा त्याहून कडक निघाली. त्यांनीं मान हलविली तेथें बटन थांबलें.

पुढल्या खेपेस तीर्थरूप पुढच्या आसनावर बसले. विलंबित ख्याल चालू होता, आवाज पूर्वीच्या निम्म्यानेंही नसेल. दोन आवर्तनें ते कांहीं बोलले नाहींत. तिसऱ्यास समेवर त्यांचा हात मांडीवर पडला, अगदीं जागच्या जागीं. मागें मातुःश्री आमच्या सौ.शीं हळू आवाजांत बोलत होत्या, आणि ते बोलणें आम्हांस ऐकूं येत होतें. हें त्या गाडींत पुष्कळ महिन्यांनीं घडलें.

मध्यंतरीं पावसाळा येऊन गेला. आमच्याकडचा पाऊस, चपलांबरोबर शेताचा निम्मा चिखल गाडींत येतो. म्हणून पेटीखालीं दोन बोटें उंचीचा रबरी पाट घातला आहे आणि दर पंधरवड्यास सांधे पाहतों. तीर्थरूप आतां नुसते ऐकत नाहींत, टीकाही करितात. परवां एका मैफलीच्या ध्वनिमुद्रणांत "डग्गा उतरला आहे" असें ते म्हणाले. पुतण्यानें गाडी थांबवून पेटीचीं बटनें पाहिलीं. बटनें जागेवर होतीं. डग्गाच उतरलेला होता. तेव्हांपासून जोराचें बटन त्यांच्या हाताशीं असावें असा त्यांचा आग्रह आहे, आणि मातुःश्रींचा त्यास विरोध आहे.